चेअरमनसाहेबांचा जिना

त्या भानगडीतून मांजर परत आलं, बाबा आले नाहीत.

असो. असं काही झालेलं नाही. बाबा समोरच्या खुर्चीत बसलेत, चष्मा कपाळावर आहे आणि ते चष्माच शोधतायत, असं धरून चालू. मीही तेच धरून लिहायला बसलेय. मधूनमधून मान वर करून "कपाळावर आहे" असं म्हणतेही. उत्तर येत नाही. पण बाबा तसेही उत्तर देणाऱ्यातले नव्हते, त्यामुळे फार फरक जाणवत नाही.

तर आमचं घर बैठं. चार भिंती, वर स्लॅब, स्लॅबवर पाण्याची टाकी, टाकीवर झाकण, झाकणावर वीट. विटेच्या वर आकाश. इतकं तपशिलात सांगायचं कारण असं, की पुढे याच क्रमात घोटाळा होणार आहे.

बाबा पस्तीस वर्षं एका अकरा मजली ऑफिसात लिफ्टमन होते. जाळीचं दार ओढायचं, "कितवा मजला?" विचारायचं, मूठ फिरवायची. एकही पायरी न चढता आयुष्यभर चढलेला दुसरा माणूस आमच्या नात्यात नाही. पुढे तिथे बटणांची लिफ्ट आली, तिला आपला मजला आपणच कळू लागला, आणि बाबांना भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवण्यात आलं. घरी आल्यावर त्यांनी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. लिफ्टच्या जाळीतून पस्तीस वर्षं त्यांनी समोर भिंतच बघितली होती. ती भिंत सरकायची, आमची सरकत नव्हती, एवढाच काय तो फरक.

"सरकेल," आई शिवणयंत्रावरून म्हणाली. ती घरीच कपडे शिवते आणि तोंडात टाचण्या धरूनही स्पष्ट बोलते. "इतकं टक लावून बघतायत, तर एक दिवस लाजेखातर सरकेल."

बाबा बोलायचे ते फक्त चेअरमनशी. चेअरमन म्हणजे आमचा बोका. एका कानाचा तुकडा गेलेला, अंगाने भरलेला, रंग धुतलेल्या फरशीसारखा. पहिल्या दिवशी तो कुणालाही न विचारता आत आला, कुणाकडेही न बघता भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बाबा म्हणाले, "हे आमचे चेअरमन. लिफ्टमध्ये असेच उभे राहायचे." तेव्हापासून बाबा त्याला अहोजाहो करायचे. "बसा साहेब." "साहेब, नखं आत घ्या." "साहेब, ते दूध हिच्या चहाचं आहे, मी काही पाहिलं नाही." दिवसाला अशी वीसेक वाक्यं. बाकीच्यांच्या वाट्याला "हं".

म्हणून मी ठरवलं, की भिंत सरकत नसेल तर निदान भिंतीवर काहीतरी सरकलं पाहिजे. बोक्यासाठी भिंतभर चढायला, लोळायला जागा करायची. बाबांची मान हलेल, तोंड हलेल.

सामानाची अडचण नव्हती. मी मामाच्या वखारीत काम करते. कुठे घर पाडलं की मामाची माणसं जाऊन दारं, खिडक्या, कठडे, जिने सुटे करून आणतात, आणि आम्ही ते साफ करून विकतो. पद्धत अशी, की वस्तू सोडवताना प्रत्येक तुकड्याच्या मागल्या बाजूला खडूने आकडा घालायचा. खालून वर. एक, दोन, तीन. म्हणजे घेणाऱ्याला जोडताना डोकं लावावं लागत नाही.

आणि दुसरी पद्धत अशी, की अख्खी वस्तू कुणालाही द्यायची नाही. जिना विकला तर एक पायरी मागे. खिडकी विकली तर एक झडप मागे. दाराची निदान एक बिजागरी तरी मागे. वखारीच्या कोपऱ्यात या मागे ठेवलेल्या तुकड्यांचा ढीग आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. गिऱ्हाईक कुरकुरलं तर मामा नव्या लाकडाची पायरी करून देतो, फुकट. एरवी मामा फुकट शिंकतसुद्धा नाही.

"पण का?" मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं.

"मोडलेलं ते मोडलेलंच राहिलं पाहिजे," मामा म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे तू झाडू मार."

मला वाटलं, व्यापारातली काहीतरी युक्ती असेल. आपल्या माणसांना समजावून न सांगणं हीसुद्धा युक्तीच असते.

मी आठवडाभर एकेक वस्तू घरी आणली. जुन्या कपाटाचे तीन खण भिंतीवर उताणे लावले, आत जुनं गोधडीचं कापड. टेबलाच्या एका पायाला सुंभ गुंडाळून तो उभा केला, नखं घासायला. खिडकीची झडप आडवी टाकून दोन खणांमध्ये पूल केला. छताच्या कोपऱ्यात पडद्याच्या कापडाची झोळी टांगली. बाबांसाठी एका पाडलेल्या सिनेमागृहातली खुर्ची मिळाली. लाल रेक्झिनची, आणि माणूस उठला की बैठक आपोआप "धप्प" करून वर मिटणारी. ती भिंतीसमोर जमिनीत बोल्ट मारून बसवली. बाबा बसले, उठले, धप्प, परत बसले. असं सहा वेळा केलं. मग म्हणाले, "हं." पण हा "हं" जरा लांब होता.

राहिला जिना. तो एका अरुंद घरातून आला होता. दीड फूट रुंदीच्या चौदा पायऱ्या, जुनं काळं लाकूड, मध्ये पावलांनी झिजून वाटीसारखा खळगा पडलेला. वखारीतला सुतार, जो जिना सोडवायला गेला होता, मला म्हणाला, "गंमत सांगू का? तो जिना जायचा त्या वरच्या मजल्याचा पत्ताच नव्हता. कधीच पडून गेलेला. शेजारी म्हणतात, वीस वर्षं झाली."

"मग गंमत काय?"

"जिना पुसलेला होता. रोज पुसल्यासारखा."

मी हसले. सुतारही हसला. मग आम्ही दोघंही जरा लवकरच थांबलो.

पायऱ्या भिंतीवर लावल्या तिरक्या ओळीत, आठ-आठ इंचांवर, प्रत्येकीखाली दोन लोखंडी अँगल, चार स्क्रू. हाताच्या सवयीने आकड्यांप्रमाणेच लावत गेले. सातवी मागे ठेवलेली असल्याने तिच्या जागी मामाने नवी पायरी दिली होती. पांढरट, गुळगुळीत. म्हाताऱ्याच्या तोंडात एकच नवा दात असावा तशी दिसत होती. चौदावी पायरी स्लॅबच्या आठ इंच खाली येऊन थांबली. एक बोका अंग चोरून बसेल एवढीच जागा.

चेअरमननी पहिल्याच दुपारी सगळं तपासलं. खणात लोळले, सुंभ ओरबाडलं, झोळीत पोट वर करून झोपले. जिन्यावर सहाव्या पायरीपर्यंत गेले आणि थांबले. सातवीचा वास घेतला. खाली बघितलं, वर बघितलं, उतरले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "साहेबांना मधे खोट लागतेय."

हे वाक्य ते माझ्याशी बोलले होते. बोक्याशी नव्हे. माझ्याशी. चार शब्द.

आता कुणीही समजूतदार मुलगी काय करेल? मामा एक घर बघायला गेलेला असताना मी ढिगातून खरी सातवी काढली, पिशवीत घातली आणि घरी आणली. वखारीबाहेरच्या कुणालाही हे जमलं नसतं. जिना त्याच्याकडे असता तर सातवी नसती. माझ्याकडे दोन्ही होतं. एवढा चोख मूर्खपणा करायला धंद्यातलंच माणूस लागतं.

सातवी बसवली, शेवटचा स्क्रू आवळला, आणि घर जरासं बसल्यासारखं वाटलं. जड माणूस खाटेवर बसला की खाट देते तसा हुंकार. आई म्हणाली, "काय ग?" मी म्हटलं, "काही नाही." बाबा म्हणाले, "आला."

"काय आला?"

"मजला."

चेअरमन चढले. एक, दोन, तीन, सरळ सातवीवरून पुढे, चौदापर्यंत. बाबा ताठ बसून पस्तीस वर्षांच्या आवाजात म्हणाले, "कितवा मजला, साहेब?" मी हातोडी उचलायला वाकले. वर बघितलं तेव्हा चौदाव्या पायरीवर कुणी नव्हतं.

झोळीत नव्हता, खणात नव्हता. स्लॅबला भोक नव्हतं, मी काठीने टोचून बघितलं. बाबांना विचारलं, "कुठे गेला?"

"पहिल्यावर," बाबा म्हणाले.

तासाभराने चेअरमन खाली उतरले, अगदी आरामात. आई त्यांना बघून टाचण्या तोंडातून काढून म्हणाली, "अगं बाई. याचा भांग कुणी पाडला?"

खरंच पाडलेला होता. दोन कानांच्या मधोमध, सरळ, ओल्या कंगव्याने पाडतात तसा. दोन्ही बाजूंचे केस चापून बसवलेले. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाला तयार करतात, तसा बोका. अंगाला कसल्याशा पावडरचा मंद वास. आमच्या घरात पावडर नाही. बोका अजिबात अवघडलेला नव्हता. उलट आम्हालाच केस विंचरून या असं सांगेल, असा चेहरा.

दुसऱ्या दिवशीही तसंच. परतताना भांग जरा बाजूला, आणि गळ्यात बारीक काळ्या दोऱ्याची गाठ. आईने गाठ बघितली. ती तीस वर्षं शिवतेय. "ही माप घेतल्याची खूण आहे," ती म्हणाली. "गळ्याचं माप घेतलंय कुणीतरी."

"कशाला?"

"कॉलर असणार."

मग मी बाहेरच्या शिडीने स्लॅबवर गेले. टाकी, झाकण, वीट. वाळलेली पानं. एक फुटकी बादली. मी चारी कोपरे फिरले, अनवाणी, आवाज न करता. एवढ्यात खालून आई ओरडली, "खुर्च्या कशाला ओढतेस ग वर?"

"मी काही ओढत नाहीये!"

"मग बोलू तरी नका इतक्या जणी!"

मी ज्या जागेवर उभी होते तिथेच उभी राहिले. माझ्या पायांखाली, स्लॅबच्या आणि आमच्या खोलीच्या मधे जी जागा नाही तिथे, कुणीतरी हलकेच खाकरलं. दाराबाहेर पाहुणा आहे हे कळल्यावर घरातला माणूस खाकरतो तसं. मी शिडी उतरले. उतरले म्हणजे, शिडी तिथेच राहिली आणि मी खाली आले.

"वर गच्ची असेल तर विचार, कपडे वाळत घालता येतील का," आई म्हणाली. पण बोलताना तिने यंत्राचं चाक हाताने धरून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी चेअरमन गेले ते आलेच नाहीत.

पहिला दिवस बाबा खुर्चीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुधाची वाटी हातात घेऊन पहिल्या पायरीशी उभे राहिले. आईने हाक मारली, "अहो, पाय दुखतील." ते म्हणाले, "साहेब दमलेत."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"ऐक." बाबांनी बोट वर केलं. "लिफ्ट थांबली की दार उघडायच्या आधी मला कळायचं, बाहेर किती जण उभे आहेत. नुसता श्वास ऐकून. वर बरेच जण आहेत. आणि दाराशी एकटे साहेब. बसू देत नाहीयेत त्यांना."

बाबा एका दमात एवढं बोलल्याचं मला आठवत नाही. मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. माझा बेत यशस्वी झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मामाला सगळं सांगितलं. मामाने आधी ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओरडला नाही. तेव्हाच मला कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय. स्क्रूड्रायव्हर खिशात घालून तो तडक आमच्या घरी आला, भिंतीसमोर उभा राहून बोटाने पायऱ्या मोजल्या, आणि चौदा म्हणताना आवाज इतका खाली आणला की ओठच हलले.

"दादा, पाणी देऊ?" आईने विचारलं. मामा तिचा थोरला भाऊ.

"पाणी राहू दे. आधी सातवी काढतो." त्याने माझ्याकडे वळून न बघता सांगायला सुरुवात केली. "माझ्या उस्तादाने एकदा पाळणा अख्खा विकला होता. एवढंच सांगतो. पुढचं विचारू नकोस."

"मामा, पण चेअरमन वर आहे."

"मांजर दुसरं मिळतं. गल्लीत पाच हिंडतायत."

"पायरी काढली की वरचं..."

"वरचं वर. संपलं. जिना नाही तर मजला नाही."

बाबा खुर्चीत होते. ते मामाकडे वळले. "साहेब वर आहेत," ते म्हणाले.

"दाजी, बोका आहे तो."

"लिफ्टमध्ये कुणी असताना मेन स्विच पाडत नाहीत."

"दाजी, तुम्ही जरा आत जाऊन पडा बरं. हिला सांगा चहा टाकायला." मामाने सातव्या पायरीचा पहिला स्क्रू सोडवायला घेतला. जुना स्क्रू, मधे अडला. मामा शिव्या देऊ लागला, मी अँगल धरून ठेवला, आई स्टूल आणायला गेली. दुसरा स्क्रू निघाला. तिसरा निघाला. आम्हा दोघांची डोकी पायरीखाली होती.

मागे धप्प असा आवाज झाला.

मी वळून बघितलं नाही. वळून बघितलं असतं तर कदाचित. पण मला वाटलं, बाबा चहा सांगायला उठले. मग डोक्यावरच्या लाकडाने एकदा दम घेतला, आणि वरून धुळीचा बारीक कण माझ्या पापणीवर पडला. मी डोळा चोळला. मामा म्हणाला, "हे कोण..." आणि त्याने पायरीवरचा हात असा काढला की जणू तवा.

खुर्ची रिकामी होती. चौदाव्या पायरीवर चेअरमन बसले होते. भांग पाडलेला, गळ्यात पांढरी कडक कॉलर, वरचं बटण लावलेलं. ते एक-एक पायरी उतरत आले, तीन स्क्रू निघालेल्या सातवीवरूनही, आणि माझ्या पायांवर अंग टाकून तीन दिवसांची झोप झोपले.

चौदाव्या पायरीवर साडेपाच फुटी माणूस मावत नाही. हे मी नंतर टेप लावून मोजलं. अँगल पाच किलोच्या बोक्यासाठी होते, बाबा बासष्ट किलो. गुडघे तर त्यांचे असे, की बाथरूमचा उंबरा चढतानासुद्धा ते भिंतीला विचारून चढायचे. या सगळ्या गोष्टी मी मामाला एकामागून एक सांगत होते आणि मामा "हो, हो" म्हणत तिन्ही स्क्रू परत बसवत होता. चौथा आवळून तो खाली बसला तेव्हा आई स्टूल घेऊन दारात उभी होती.

"काय झालं?" तिने विचारलं. मग खुर्ची बघितली. मग भिंत. स्टूल तिने हळूच खाली ठेवलं. "दादा," ती म्हणाली, "त्या पायरीला पुन्हा हात लावलास, तर आपलं नातं इथेच संपलं."

"नाही लावत."

"अहो!" आईने छताकडे बघून हाक मारली. तिने आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्याने हाक मारली असेल. "अहो, ऐकलं का?"

वर खुर्च्या ओढल्याचा आवाज थांबला. बरीच माणसं एकदम गप्प झाल्यावर होते तशी शांतता. मग बाबांचा आवाज आला. लांबून नाही. जाळीच्या दाराआडून यावा तसा.

"अगं, हळू बोल. सगळे बसलेत."

"सगळे म्हणजे कोण?"

"हळू."

"खाली या आधी!"

"बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. इथला नियम आहे." थोडं थांबून म्हणाले, "साहेब नीट पोचले का?"

"पोचले," मी म्हटलं. "झोपलेत. बाबा, तिथे करायचं काय असतं?"

"दाराशी उभं राहायचं. कुणी आलं तर आत घ्यायचं."

"कोण येतं?"

"अजून कुणी आलेलं नाही. पण हे सगळे रोज दुपारपासून तयार होऊन बसतात. नवे कपडे घालून. वाट बघतात." आवाज आणखी खाली आला. "आधी दोनदा बघून घेतात माणूस कसा आहे ते, मग ठेवतात. मला मात्र लगेच ठेवलं. अनुभव आहे म्हणाले."

त्या शेवटच्या वाक्यात किंचित अभिमान होता. मी तो ऐकला नाही असं मी स्वतःला सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई कापड आणायला गेली आणि मी चढायला घेतलं. मला सगळं सोपं वाटत होतं. बोका गेला, बाबांनी जाऊन त्याला सोडवलं. बाबा गेले, मी जाऊन त्यांना सोडवेन. पायऱ्या भिंतीतून किंचित गरम लागत होत्या, कुणीतरी नुकताच पाय उचलल्यासारख्या. आठवी. नववी. दहावीवर डोकं स्लॅबला टेकलं. स्लॅब थंड होता आणि मग थंड नव्हता. पावडरचा वास आला. पलीकडे कुणीतरी पटकन कपड्यांच्या घड्या सारख्या केल्या.

"उतर," बाबा म्हणाले. अगदी कानाशी.

"बाबा, मी येते. तुम्ही सुटाल."

"आणि मग?"

"मग तुम्ही घरी."

"मी घरी आणि तू इथे. मग मी परत तुला सोडवायला येणार. मग तू मला. आपण दोघं जन्मभर जिन्यात भेटणार का ग? तेही एकमेकांच्या पाठीला पाठ लावून?" आणि मग, मी लहान असताना लिफ्टमध्ये आत यायचा हट्ट करायचे तेव्हा म्हणायचे त्याच आवाजात, "दारात हात घालू नकोस. चेंगरेल."

मी उतरले. आईने कापड आणलं आणि माझ्या गुडघ्यांवरची पांढरी धूळ बघितली. तिने दाराला आतून कडी घातली, खिळ्याला टांगलेला माझा स्क्रूड्रायव्हर आणि ड्रिल दोन्ही कपाटात ठेवलं, आणि किल्ली ब्लाउजमध्ये, म्हणजे पायरी कुणी काढायला नको. रात्री ती त्या लाल खुर्चीत झोपते आता. बसल्या-बसल्या, बैठक मिटू नये म्हणून.

बाबा आता पूर्वीपेक्षा जास्त बोलतात, हे मात्र मान्य करावं लागेल. दुपारी दोनला, वर सगळे तयार होऊन बसायच्या आधी, पाच मिनिटं. पाऊस पडला का विचारतात. साहेब जेवले का विचारतात. काल विचारलं, "दाराबाहेर कुणी उभं आहे का ग तुमच्याकडे?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग ते दार वेगळं असेल." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच दम लागल्यासारखं होतं. त्यांना बसू देत नाहीत.

मामाने दुसरा कुणी माणूस बघतो म्हटलं होतं, पण असा माणूस बघणं म्हणजे काय हे त्याला आणि मला एकदमच कळलं, आणि तो विषय आम्ही दोघांनी सोडला. आपण कुणाला जाऊन सांगायचं, ये, चढ? तेव्हा हे काम ज्यांचं रोजचंच आहे त्यांच्याकडे मी गेले. माणसांना त्यांच्या मर्जीविरुद्ध लांबच्या जागी पाठवणारं एक कार्यालय असतं. तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, आणि यासाठी छापील नमुना नाही, साध्या कागदावर द्या, असं सांगितलं. तो साधा कागद असा:

प्रति, माननीय प्रमुख, आस्थापना विभाग.

विषय: बदली कर्मचारी मिळणेबाबत.

महोदय, सविनय सादर करते की, आमच्या बैठ्या घराच्या पहिल्या मजल्यावर माझे वडील गेल्या एकोणीस दिवसांपासून दाराशी सलग उभे आहेत. सदर मजल्याची नोंद कोणत्याही नकाशात नाही, याची अर्जदारास कल्पना आहे. अर्जदार स्वतः त्या जागी रुजू होण्यास तयार होती, परंतु वडिलांनी लेखी नव्हे तरी तोंडी मनाई केली असून आई जिन्यासमोर पहारा देत आहे. सबब विनंती की, सदर जागी एक कर्मचारी कायमस्वरूपी व पुन्हा परत न बोलावण्याच्या अटीवर तातडीने पाठवण्यात यावा. त्याला घरी वाट बघणारे कुणी नसल्यास उत्तम. असे कुणी आपल्याकडे उपलब्ध नसल्यास, माझ्या वडिलांना निदान एक स्टूल, आणि दर रविवारी दुपारी एक ते चार या वेळेत घरी येण्याची साप्ताहिक सुट्टी मंजूर करावी. त्या तीन तासांत दाराशी कोण उभं राहील, हा प्रश्न कृपया कार्यालयाने आपल्या स्तरावर सोडवावा.